कापणीयंत्र आणि पहिली पेंढी



कार्तिक लागला की भैंसा-मुधोळच्या परिसरात साळीच्या शेतांच्या बांधाशी एक अवजड यंत्र येऊन उभे राहते. त्यास चाकांच्या जागी पट्टे असतात, म्हणून ओलसर रानातही ते रुतत नाही. ग्रंथांत त्यास कापणीयंत्र म्हणतात. गावात लहानथोर सारे हार्वेस्टरच म्हणतात. मालक त्याच्या तोंडाला झेंडूची माळ घालतो, कोणी नारळ फोडतो, कोणी क्रूसाची खूण करतो, आणि यंत्र शेतात शिरते. ज्या कामासाठी विळे घेतलेल्या बायकापुरुषांची रांग दिवसच्या दिवस वाकलेली असे, ते काम पोरे बांधावर उभी राहून पाहत असताना उरकते. कापणी, मळणी आणि उफणणी ही तिन्ही कामे त्या एका पोटात होतात. एका बाजूने दाणे बाहेर पडतात, मागून पेंढा बाहेर पडतो. पेंढी मात्र बाहेर पडत नाही.

ही गोष्ट क्षुल्लक वाटेल. परंतु नव्या पिकाची पहिली पेंढी देवापुढे ठेवल्यावाचून नवे अन्न तोंडात घालावयाचे नाही, ही चाल निरनिराळ्या रूपांनी आपल्या देशात सर्वत्र आहे, आणि ख्रिस्ती शेतकऱ्यांनीही ती सोडलेली नाही. मग यंत्र आल्यावर ही पेंढी आणावयाची कोठून? पुष्कळ घरी असे होऊ लागले आहे की, हार्वेस्टरने ओतलेल्या राशीतील ओंजळभर दाणे एका पिशवीत घालून ती पिशवी वेदीजवळ ठेवावी आणि समाधान मानावे. क्वचित् कोणी बाजारातून तांदळाचे पुडके आणतो. देव पुडक्यावर रागावत नाही, हे खरे. तरीही आपल्या हातून कोणती वस्तू सुटत चालली आहे, याचा नीट विचार केल्याशिवाय ती सोडून देणे मला योग्य वाटत नाही.

आमचा हा मुलूख सीमेवरचा. १९५६ साली राज्यांची भाषावार पुनर्रचना झाली तोवर मुधोळ तालुका नांदेड जिल्ह्यात होता; त्या वर्षी तो अदिलाबादकडे गेला; आणि २०१६ साली अदिलाबाद जिल्ह्याचे विभाजन झाल्यापासून भैंसा निर्मल जिल्ह्यात मोडते. जिल्हे बदलले, घरातली मराठी बोली राहिली. येथील काळी जमीन मूळची ज्वारीची आणि कापसाची. अलीकडे तीत सोयाबीनची भर पडली आहे. भात हे आपल्या आजोबांच्या घरी सणावाराचे आणि पाहुण्यारावळ्यांचे अन्न होते. धरणाचे, विहिरींचे आणि कूपनलिकांचे पाणी मिळू लागले तसतशी साळीची शेते वाढली. कोकणात ज्या पिकाला भात म्हणतात त्याला आपण साळ म्हणतो, आणि तेलुगू शेजारी वरी म्हणतो. मराठी गृहिणीला वरी म्हटले की उपासाचे तांदूळ आठवतात, त्यामुळे नव्या सुनेची कधी कधी गंमत होते. अशा ठिकाणी शेतीचे विधीही सरमिसळ असायचेच. ज्येष्ठी पौर्णिमेला तेलुगू शेतकरी एरुवाका पाळून नांगराला हात घालतो, त्याच पौर्णिमेला मराठी बाई वडाला दोरा गुंडाळते, आणि श्रावणातल्या अमावास्येला बैलांचा पोळा दोन्ही भाषांत सारख्याच उत्साहाने होतो.

परंतु भातशेतीच्या ख्रिस्ती विधींची परंपरा नीट पाहावयाची असेल तर पश्चिम किनाऱ्याकडेच वळले पाहिजे. कारण तेथे आपल्याच श्रद्धेची माणसे कित्येक पिढ्या भात पिकवीत आणि भातावरच जगत आली आहेत. गोव्यात सासष्टीमधील राय या गावी ५ ऑगस्टला कणसांचे फेस्त होते. तो दिवस तेथील हिमराणी मातेच्या चर्चचाही सण. धर्मगुरू मिरवणुकीने शेतात जातात, उभ्या पिकाला आशीर्वाद देतात, विळ्याने पहिली कणसे कापतात, आणि ती कणसे लोक आपापल्या घरी नेऊन देव्हाऱ्याशी ठेवतात. पणजीजवळच्या ताळगावात हाच सण २१ ऑगस्टला असतो. त्या दिवसांत नव्या भाताचे पोहे करून वाटण्याचीही चाल आहे. वसई, साष्टी आणि मुंबई या भागांतील ईस्ट इंडियन समाजात हाच सोहळा ‘आगेरा’ या नावाने ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी होतो. लोंब्यांनी वाकलेल्या पेंढ्या वाजतगाजत चर्चमध्ये आणतात, मिस्साबलिदानाच्या वेळी त्यांना आशीर्वाद मिळतो आणि मग त्या घरोघर वाटल्या जातात. मुंबईतील पुष्कळ धर्मग्रामांत आता वीतभरही भाताचे शेत उरलेले नाही. तरी तेथील लोक दुसऱ्या गावाहून पेंढ्या आणवून आगेरा साजरा करतात. ज्याचे शेत गेले त्याला पेंढीची किंमत कळली, आणि ज्याचे शेत शाबूत आहे तो पिशवीवर भागवीत आहे, असा हा उलटा न्याय आहे.

आता असे विचारता येईल की, हा सारा भावनेचा भाग झाला. शेतीच्या शास्त्राशी त्याचा काय संबंध? संबंध फार जवळचा आहे, आणि त्याकडे आपले दुर्लक्ष होते म्हणूनच यंत्र आणि विधी ही दोन निराळी खाती आहेत असे आपण समजतो.

प्रथम सणाच्या तारखेचेच पाहा. जुन्या काळी पिकणाऱ्या भाताच्या बहुतेक गरव्या जाती दिवसमान ओळखणाऱ्या होत्या. पेरणी आठ-पंधरा दिवस मागेपुढे झाली तरी पावसाळा सरता सरता दिवस लहान होऊ लागले म्हणजे त्या रोपाला आतून इशारा मिळे आणि सारे शिवार जवळजवळ एकाच वेळी फुलोऱ्यास येई. म्हणून गावाला सणाची तारीख कायमची ठरविता येत असे. पंचांग भिंतीवर होते तसे ते रोपातही होते. कोकणात आश्विनी पौर्णिमेला नवान्न पौर्णिमा म्हणतात, ते या हिशेबाला धरूनच. पुढे १९६० साली फिलिपीन्समध्ये आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था स्थापन झाली, तिने १९६६ साली ‘आय.आर. ८’ ही बुटकी जात दिली, आणि त्या वंशातील नव्या जाती देशभर पसरल्या. त्यांना दिवस लहान की मोठा याचे फारसे सोयरसुतक नसते. पेरल्यापासून अमुक दिवस झाले की त्या पिकतात. त्यामुळेच एका वर्षात दोन पिके घेता येऊ लागली. तेलंगणात पावसाळी हंगामाखेरीज उन्हाळ्याच्या तोंडी निघणारे ‘यासंगी’चे साळीचे पीक मोठ्या प्रमाणावर होते, ते या गुणामुळे. देशाची भूक भागली ती अशा जातींमुळे, हे कृतज्ञतेने मान्य केले पाहिजे. परंतु त्याबरोबरच गावाचे एकत्र पिकणे संपले. एकाचे रान कापून मोकळे, दुसऱ्याचे अजून हिरवे, तिसऱ्याचे पाणी नुकतेच तोडलेले. मग गावाने सण करावयाचा कोणत्या दिवशी? सणाला माणसे कमी जमतात म्हणून आपण तरुणांना दोष देतो; त्यांतला थोडा दोष बियाण्याच्या पिशवीलाही द्यावयास हवा.

बियाण्याचा विषय निघाला आहे तर तोही सांगतो. आपले हिंदू शेजारी घटस्थापनेला मातीत धान्य पेरून नऊ दिवसांचे अंकुर वाढवितात. त्यामागची श्रद्धा त्यांची आहे. परंतु शेतकऱ्याच्या नजरेने पाहिले तर घरातल्या घरात केलेली ती उगवणशक्तीची परीक्षाच नव्हे काय? आपल्याकडे वेदीवर नेण्यासाठी पेंढी निवडताना घरातील जाणते माणूस सबंध शेत फिरून येत असे. किडकी लोंबी नको, पोचट नको, भेसळीची नको. देवाला द्यावयाचे ते उत्तम, आणि जे उत्तम तेच पुढच्या वर्षाच्या बियाण्यासाठी. हे निवडणे आणि ते अर्पिणे यांत अंतर नव्हते. आज कृषिखाते सांगते की, दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ विरघळवून त्यात भाताचे बियाणे ओतावे. तरंगणारे हलके दाणे काढून टाकावेत, बुडालेले घ्यावेत आणि स्वच्छ पाण्याने दोनतीनदा धुऊन सावलीत सुकवावेत. ही उत्तम रीत आहे आणि तिला दमडीचा खर्च नाही. जुन्या माणसाच्या डोळ्याचे काम मिठाचे पाणी करते. आशीर्वादित पेंढीचे दाणे या पाण्यात टाकण्यात काही पाप आहे का, असे एका श्रद्धाळू बाईने विचारले होते. मुळीच नाही. पोचट दाणा आशीर्वाद मिळाला तरी तरंगणारच.

नवीन रीत म्हटली की धर्माचे माणूस नाक मुरडणार, असा एक समज आहे. त्यावर मादागास्कर बेटातील एका येशूसंघीय धर्मगुरूची हकीकत सांगण्यासारखी आहे. फादर आंरी द लोलानिए हे फ्रान्सचे. संन्यस्त होण्यापूर्वी त्यांनी शेतकीचे शिक्षण घेतले होते. १९६१ साली ते मादागास्करला गेले आणि तेथील गरीब भातकऱ्यांत राहिले. कोणत्या शेतात कोण काय निराळे करतो, हे ते वर्षानुवर्षे पाहत राहिले. एखादा शेतकरी चुडात तीनचार रोपांऐवजी एकच रोप लावी. दुसरा शेतात सतत पाणी तुंबवून न ठेवता मधून मधून ते काढून टाकी. १९८३ साली आंत्सिराबे येथील त्यांच्या शेतकी शाळेत पावसाच्या लहरीपणामुळे अवघी पंधरा दिवसांची कोवळी रोपे लावण्याचा प्रसंग आला. सर्वांना वाटले, ही मरणार. पण त्या रोपांना असे काही फुटवे आले की पाहणारे थक्क झाले. यातूनच एक पद्धत उभी राहिली: कोवळे रोप, एका ठिकाणी एकच, चोहोबाजूंनी पंचवीस सेंटिमीटर अंतर, जमीन ओली पण पाण्याखाली बुडालेली नाही, आणि ओळींतून हाताने ढकलावयाचे फिरते कोळपे. एकरी वीस-पंचवीस किलो बियाणे लागे तेथे दोन किलोत भागू लागले. १९९५ साली फादर लोलानिए देवाघरी गेले. २००३ च्या खरिपापासून तेव्हाच्या आंध्र प्रदेशात कृषिविद्यापीठाने या पद्धतीचे प्रयोग शेतकऱ्यांच्या रानात सुरू केले, आणि इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला आपल्याकडे ‘श्री पद्धत’ असे मंगल नाव पडले. तिच्या उत्पन्नाच्या काही अचाट आकड्यांविषयी शास्त्रज्ञांत मोठा वाद झाला, आणि लावणी-कोळपणीला काळजीपूर्वक काम करणारे हात हवेत म्हणून पुष्कळांनी ती अर्ध्यावर सोडलीही. तथापि पाणी कमी, बियाणे कमी, रोपाला मोकळी जागा, हा तिचा धडा टिकला.

कोकणातही याच वळणाचे काम झाले आहे. डॉ. नारायण सावंत यांनी सांगितलेल्या ‘चारसूत्री’ लागवडीत भाताच्या तुसाची काळी राख रोपवाटिकेत मिसळावयाची असते, पेंढा आणि गिरिपुष्पाचा पाला शेतात गाडावयाचा असतो, आणि पंधरा व पंचवीस सेंटिमीटर अशा आलटून पालटून अंतरांवर लावणी करून प्रत्येक चार चुडांच्या मधोमध खताची एकेक गोळी हाताने खोचावयाची असते. पिकाचे जे पिकाला, ते परत मातीला, असा त्यातील भाव आहे. या दोन्ही पद्धतींत नवे ज्ञान आहे आणि दोन्हींत माणूस शेतात वाकलेला आहे.

हार्वेस्टर ही निराळ्या जातीची वस्तू आहे. तो माणसाला शेतातून बाहेर काढतो. असे म्हणताना माझा त्यास विरोध आहे असा अर्थ कोणी घेऊ नये. मजूर मिळत नाहीत हे रडगाणे नव्हे, खरी गोष्ट आहे. तेलंगणात तर गेली काही वर्षे लावणीसाठी बिहार आणि पश्चिम बंगाल इकडून टोळ्या येतात. ज्या बाईने तीस पावसाळे चिखलात वाकून लावणी केली तिची कंबर पाहिली म्हणजे लावणीयंत्राचा निषेध करण्याचा धीर कोणा सहृदय माणसाला होणार नाही. आकाशात ढग दाटलेले असताना उभे पीक दोन तासांत घरात आले तर ती ईश्वरी कृपाच समजावी. गोव्यात पडीक पडलेली भातशेते यंत्रांच्या साहाय्याने पुन्हा लागवडीस आणावीत म्हणून कित्येक धर्मगुरूंनी स्वतः पुढाकार घेतला आहे. केपे तालुक्यात सुळकर्णे येथे डॉन बॉस्को संस्थेचे कृषिमहाविद्यालय चालते.

परंतु यंत्राचे देणेघेणे नीट मांडले पाहिजे. पूर्वी कापलेल्या पेंढ्या दोन-चार दिवस शेतात वाळत, मग त्यांची उडवी रचली जाई, मग खळ्यावर मळणी होई. तोवर दाणा आपोआप सुकलेला असे. हार्वेस्टर उभ्या ओल्या पिकातून दाणा काढतो. सरकारी खरेदीकेंद्रावर साळीत सतरा टक्क्यांहून अधिक ओल चालत नाही. म्हणून कापणीचे श्रम वाचले ते वाळवणीत गेले. डांबरी रस्त्यावर मैलोगणती साळ पसरलेली असते, रात्री तिच्यावर ताडपत्री ओढून घरातला म्हातारा तेथेच झोपतो, आणि अवकाळी पावसाची एक सर आली की साऱ्या हंगामाला मोड येतात. पेंढ्याचेही तसेच. हार्वेस्टरमागे पडलेला चुरगळलेला पेंढा गोळा करणे परवडत नाही म्हणून कोणी त्याला काडी लावतो. मग जनावराला वैरण नाही, म्हणून जनावर नाही, म्हणून पोळ्याला सजवावयास बैल नाही. आणि ट्रॅक्टरच्या टपावर बैलांची झूल घातलेली दिसते. ज्यांना हे जुन्या-नव्याचे सुंदर मीलन वाटते त्यांना वाटो. मला तेथे बैलाची आठवण तेवढी दिसते.

आणि सर्वांत मोठी गोष्ट सरव्याची. कापणीनंतर शेतात गळालेल्या लोंब्या वेचून नेण्याचा गरिबांचा हक्क आपल्या खेड्यांत कोणी कागदावर लिहून दिलेला नव्हता, पण तो सर्वांना मान्य होता. विधवा, म्हातारी माणसे, ज्यांना जमीन नाही अशी कुटुंबे सरव्यावर महिना-दोन महिने काढीत. खळ्यावर रास पडली की पहिले माप देवाचे, मग गावकामगारांचे, मग दारी आलेल्याचे, आणि त्यानंतर घरचे. तो विधी होता, आणि तोच गावातील गरिबांचा शिधा होता. रूथची कथा आपल्या मुलांना पाठ आहे. मवाबातून आलेली ती परकी विधवा बवाजाच्या शेतात सरवा वेचते, आणि बवाज कापणाऱ्यांना बजावतो की तिच्यासाठी मुद्दाम काही लोंब्या गळू द्या. तिच्याच वंशात पुढे दावीद आणि प्रभू येशू जन्मले. विचार करा, बवाजाच्या शेतात त्या दिवशी हार्वेस्टर असता तर? यंत्राच्या मागे दाणे गळतात, नाही असे नाही. पण ते सुटे, चिखलात तुडविलेले. लोंबीसह गळत नाहीत. वेचणारीच्या हाती काही लागत नाही.

याठिकाणी कोणी म्हणेल, आज शिधापत्रिकेवर तांदूळ मिळतो. सरव्याची गरज काय? शिधा मिळतो ही उत्तम गोष्ट आहे, आणि तो मिळत राहिला पाहिजे. पण सरकारी दुकानात मिळणाऱ्या तांदळाला शेताचा धनी ओळखत नाही, आणि घेणाऱ्यालाही धनी ठाऊक नसतो. सरवा वेचताना दोघे एकमेकांच्या समोर असत. कधी भांडणेही होत. पण समोर असत.

म्हणून यंत्राला हार घातला, त्याच्यावर पवित्र पाणी शिंपडले, एवढ्याने जुने आणि नवे यांची सांगड पडली असे मानू नये. तसे पाहिले तर पवित्र ख्रिस्तसभा यंत्राला आशीर्वाद देण्यास कधीच कचरलेली नाही. जुन्या रोमन विधिग्रंथात शेत, बीज आणि गुरेढोरे यांच्या आशीर्वादांबरोबर तारायंत्र, आगगाडीचा मार्ग आणि विमान यांसाठीही प्रार्थना छापलेल्या होत्या. १९८४ साली निघालेल्या नव्या आशीर्वादग्रंथातही कामाची साधने, शेते, जनावरे यांना जागा आहे. संत इसिदोर शेतकरी प्रार्थनेत गुंतला असता देवदूत त्याचा नांगर चालवीत, अशी आख्यायिका आहे. तेव्हा धन्याविना चालणाऱ्या अवजाराची कल्पना आपल्याला अगदीच परकी नाही! आपल्या एखाद्या कुटुंबाने हार्वेस्टर आणला तर धर्मगुरूंना बोलवावे, ते आनंदाने येतील. नारळाबद्दल विचाराल तर, शेजाऱ्याच्या यंत्रापुढे त्याने नारळ फोडला म्हणून आपण तोंड फिरवू नये. आपल्या यंत्रापुढे आपण आपली प्रार्थना म्हणावी. त्यावर वाद घालीत बसण्यात कापणीचा वेळ दवडू नये.

माझे सांगणे आहे ते शेताच्या कोपऱ्याविषयी. हार्वेस्टर चालविणाऱ्याला विचारून पाहा: या यंत्राला कोपरा साधत नाही. त्याचे तोंड रुंद, वळण मोठे. चौकोनी रानाच्या चारही कोपऱ्यांत आणि बांधाच्या कडेला थोडे पीक उभे राहतेच. म्हणून यंत्र यायच्या आधी किंवा गेल्यावर मालक एखाद्या माणसाला विळा देऊन कोपरे कापून घेतो आणि तेही यंत्राच्या तोंडात टाकतो. आता मोशेचे नियमशास्त्र आठवा. लेवीय पुस्तकात इस्राएल लोकांना आज्ञा आहे की, पीक कापताना शेताचा कानाकोपरा झाडून कापू नका, पडलेला सरवा गोळा करू नका. तो गरिबासाठी आणि परक्यासाठी राहू द्या. त्याच पुस्तकात पहिल्या पिकाची पेंढी याजकाकडे नेण्याची आज्ञा आहे. पेंढी आणि कोपरा या दोन आज्ञा एकाच अध्यायात आल्या आहेत, हे आपल्या सहसा ध्यानात येत नाही. तीन हजार वर्षांनंतर कारखान्यातून निघालेले हे यंत्र, त्याच्या कारागिराच्या मनात नसताना, नेमका तोच कोपरा सोडून देते. आपण मात्र माणूस पाठवून तो कापून आणवितो.

तर यंदा असे करावे. यंत्र यायच्या आदल्या दिवशी घरातल्या सर्वांनी, मुलांनीसुद्धा, विळे घेऊन शेतात जावे. एका कोपऱ्यातील चांगल्या लोंब्या निवडून त्यांची पेंढी बांधावी; ती रविवारी वेदीजवळ आणावयाची. सर्वांचे पीक एका वेळी पिकत नाही, म्हणून एकच दिवस ठरविण्याचा हट्ट नको. ज्याचे पीक ज्या आठवड्यात निघेल त्याने त्या रविवारी आणावी. दिवाळीपासून नाताळापर्यंत दर रविवारी एकदोन पेंढ्या वेदीशी दिसल्या तरी हरकत नाही. यासंगीच्या पिकाची आली तर ती पुनरुत्थानकाळातही चालेल. उरलेले तीन कोपरे कापूनच, पण लोंब्यांसह, बांधावर ठेवावेत आणि ज्याला सांगावयाचे त्याला आधी सांगून ठेवावे की ते तुमचे. गेल्या वर्षीपर्यंत आपल्याच शेतात लावणी-कापणीला येत असलेल्या आणि यंत्रामुळे यंदा बोलावणे न आलेल्या बायका कोण, ते आपल्या घरात सर्वांना ठाऊक असते. तीन कोपऱ्यांच्या साळीने त्यांची बुडालेली मजुरी भरून निघत नाही, हे मी जाणतो. त्यासाठी आणखी विचार करावा लागेल. सरकारने २०२३ साली महिला बचतगटांना फवारणीचे ड्रोन देण्याची योजना काढली. त्या धर्तीवर गावातील बायकांच्या गटाने लावणीयंत्र किंवा पेंढा बांधणारे यंत्र सामाईक घेऊन भाड्याने द्यावे का, हा विषय धर्मग्रामाच्या महिलामंडळाने आपल्या पुढच्या बैठकीत घ्यावा. आमच्याकडे साळ खरेदीची केंद्रे बचतगटांच्या बायका चालवितातच. वजनकाटा सांभाळणारीला यंत्राचा हिशेब सांभाळणे जड नाही.

वेदीजवळची पेंढी मिस्सानंतर घरी न्यावी आणि उंदीर पोचणार नाही अशा ठिकाणी टांगावी. मृगाच्या आधी ती झोडून दाणे मिठाच्या पाण्यात पाहावेत आणि चांगले निघतील ते बियाण्यात मिसळावेत. मात्र बियाणे संकरित असेल तर तसे करू नये, कारण त्याचे दाणे पेरले असता पीक एकसारखे येत नाही.

एक व्यवहाराची सूचना राहिली. हंगामात हार्वेस्टरला उसंत नसते; तो पुष्कळदा रात्री दिव्यांच्या उजेडात येतो, आणि निरोप आल्यापासून तासाभरात शेतात शिरतो. त्यावेळी कोपरे कापावयास सवड मिळत नाही. तेव्हा पीक पिवळे पडू लागले की विळ्यांना धार लावून ठेवावी.